प्रश्नाचे उत्तरदायित्व

प्रश्न सत्य नसतो आणि असत्यही नसतो, ही गोष्ट तर्कशास्त्राच्या अगदी प्राथमिक धड्यांत सांगितली जाते. सत्यासत्यता हा विधानाचा धर्म आहे. प्रश्नाने कोणतेच विधान केलेले नसते, सबब त्याला खोटे ठरवता येत नाही. या निरुपद्रवी सिद्धान्तातून व्यवहारात जो निष्कर्ष काढला जातो तो पाठ्यपुस्तकात नसला तरी सर्वांना मुखोद्गत असतो : ज्याने काही सांगितलेच नाही त्याच्याकडे जाब कसला मागायचा? वृत्तपत्राचा मथळा एखाद्याच्या अब्रूला हात घालतो आणि शेवटी प्रश्नचिन्ह टाकून मोकळा होतो. सभेतला वक्ता आरोप करीत नाही, 'जनतेच्या मनातला प्रश्न' उपस्थित करतो. घरातली वडीलधारी माणसे सुनेला दोष देत नाहीत, 'सहज' विचारतात. 'आम्ही फक्त विचारले' हा बचाव नैतिक स्वरूपाचा दिसतो, पण तो उभा आहे तो प्रश्नाच्या अर्थाविषयीच्या एका विशिष्ट समजुतीवर. ती समजूत टिकणारी नसेल तर बचावही टिकणार नाही. म्हणून नीतीकडे जाण्यापूर्वी वाक्यार्थाकडे जाणे भाग आहे.

आधुनिक काळात या समजुतीला सर्वांत नेमके रूप दिले ते गोट्‌लोब फ्रेगे यांनी. 1918 साली प्रसिद्ध झालेल्या 'विचार' या निबंधात त्यांनी असे दाखवले की 'होय-नाही' स्वरूपाचा प्रश्न आणि त्याच्याशी जुळणारे विधान या दोहोंत एकच विचार सामावलेला असतो. फरक एवढाच की विधानात त्या विचाराचे प्रतिपादन असते, प्रश्नात ते नसते. 'पाऊस पडला का?' आणि 'पाऊस पडला' यांचा आशय एक, कृती वेगळ्या. पुढच्या पिढ्यांनी ही मांडणी बरीच बदलली. सी. एल. हॅम्ब्लिन यांनी 1958 आणि 1973 च्या लेखनात प्रश्नाचा अर्थ म्हणजे त्याच्या संभाव्य उत्तरांचा संच, ही कल्पना मांडली. कार्टुनेन यांनी 1977 मध्ये तो संच खऱ्या उत्तरांपुरता मर्यादित केला, आणि ग्रोनेनडाइक व स्टोकहोफ यांनी 1984 मध्ये प्रश्न म्हणजे शक्यतांच्या अवकाशाची विभागणी, असे सूत्र दिले. या मांडण्यांतील तांत्रिक भेद येथे महत्त्वाचे नाहीत. महत्त्वाचे आहे ते त्यांतून आपोआप बाहेर पडणारे एक सत्य. प्रश्न जर शक्यतांची विभागणी करीत असेल, तर कोणत्या शक्यता मोजायच्या आणि कोणत्या मुळातच मोजायच्या नाहीत हे विचारणारा ठरवतो. उत्तर देणारा केवळ एका कप्प्यात जाऊन बसतो. प्रश्नात प्रतिपादन नाही हे फ्रेगे यांचे म्हणणे मान्य केले तरी प्रश्नात सत्ता नाही असे त्यावरून सिद्ध होत नाही.

उलट, विधान स्वतःही प्रश्नावाचून पुरते कळत नाही. आर. जी. कॉलिंगवुड यांनी 1939 च्या आत्मचरित्रात आग्रहाने मांडलेला मुद्दा हाच होता : एखादे विधान कोणत्या प्रश्नाचे उत्तर म्हणून केले गेले हे ठाऊक नसेल तर त्याचा अर्थ ठाऊक आहे असे म्हणता येत नाही. इतिहासकाराच्या अनुभवातून आलेली ही गोष्ट साध्या वाक्यालाही लागू पडते. 'रमाने पत्र फाडले' हे वाक्य घ्या. 'पत्र कोणी फाडले?', 'रमाने काय फाडले?' आणि 'रमाने पत्राचे काय केले?' या तिन्ही प्रश्नांना ते उत्तर होऊ शकते. मात्र प्रत्येक वेळी आघात निराळ्या शब्दावर पडतो आणि एका प्रश्नासाठी योग्य असलेला उच्चार दुसऱ्या प्रश्नाला दिला तर ऐकणारा गोंधळतो. क्रेग रॉबर्ट्‌स यांनी 1996 मध्ये संभाषिताची सगळी रचनाच 'विचाराधीन प्रश्ना'भोवती उभी केली : बोलणारे प्रत्येक वाक्य कुठल्यातरी उघड वा अनुच्चारित प्रश्नाला पुढे नेत असते, आणि तसे नसेल तर ते विषयांतर ठरते.

मीमांसकांच्या परंपरेत वाढलेल्या वाचकाला यात फारसे नवे वाटणार नाही. शब्दांच्या राशीला वाक्यपण कशामुळे येते, याचे त्या परंपरेने दिलेले पहिले उत्तर 'आकांक्षा' हे आहे. योग्यता आणि संनिधी नंतर येतात. नुसते 'दार' म्हटले की 'काय करायचे दाराचे?' असे मनात उभे राहते आणि 'लाव' या शब्दाने ते शमते. स्वर्ग इच्छिणाऱ्यासाठी यागाचे विधान करणारे वैदिक वाक्य मीमांसक ज्या रीतीने उलगडतात ती तर प्रश्नांचीच मालिका आहे : काय साधायचे, कशाने साधायचे, कसे साधायचे. आख्यातातून व्यक्त होणारी भावना या तीन अंशांची मागणी करते आणि वाक्यातील पदे एकेक मागणी पुरी करतात. म्हणजे आज्ञार्थक वाक्याच्या पोटातही तीन प्रश्न दडलेले असतात. वाक्यार्थाचा सांगाडाच प्रश्नांचा असेल, तर प्रश्न हा विधानाचा दुबळा, अपुरा राहिलेला भाऊ आहे ही कल्पना सोडून द्यावी लागते.

पण ही आकांक्षा कोणाची? शब्दाची की ऐकणाऱ्याची? शब्द अचेतन आहे, त्याला इच्छा कशी असेल? आणि ती ऐकणाऱ्याची म्हणावी, तर ज्याला जाणून घेण्याची मुळीच इच्छा नाही अशा उदासीन श्रोत्यालाही वाक्य कळतेच. 'वेदान्तपरिभाषा'कार धर्मराजाध्वरींद्र यांनी काढलेला मार्ग लक्षणीय आहे. आकांक्षा म्हणजे प्रत्यक्ष जिज्ञासा नव्हे, तर पदार्थांची परस्परांच्या जिज्ञासेचा विषय होण्याची योग्यता. 'योग्यता' या एका शब्दाने प्रश्न व्यक्तीच्या मनातून उचलून भाषेच्या सार्वजनिक व्यवस्थेत आणून ठेवला. विचारणाऱ्याच्या मनात काय होते, त्याला खरोखर जाणून घ्यायचे होते की टोचायचे होते, यावर प्रश्नाचा अर्थ अवलंबून राहत नाही. 'माझा हेतू तसा नव्हता' हे म्हणणे हेतूविषयी खरे असू शकेल. ते प्रश्नाविषयी काही सांगत नाही.

मराठीपुरते बोलायचे तर प्रश्नाच्या तथाकथित निरागसतेला व्याकरणच साक्ष देत नाही. 'तू येतोस का?' हा त्यातल्या त्यात मोकळा प्रश्न. 'तू येतोस ना?' यात होकाराची अपेक्षा प्रकट आहे. 'तू येतोस की नाही?' यात शक्यता दोनच असल्या तरी त्यांतली एक निवडण्याची मुभा काढून घेतलेली आहे. हा प्रश्न मुलांना आणि नोकरांना विचारला जातो, साहेबाला विचारला जात नाही. 'तू येतोस की काय?' यात विचारणाऱ्याचे आश्चर्य आणि बहुधा नाराजी. 'तू कुठे येतोस!' हा तर सरळ नकार आहे. 'का' वाक्याच्या शेवटून उचलून क्रियापदाच्या आधी ठेवला की 'तू का येतोस?' होते, आणि येणे ही गोष्ट विचारण्याजोगी न राहता गृहीत धरली जाते. आता हिशेब द्यायचा तो कारणाचा. 'कशाला'ची तऱ्हा याहून पुढची : 'त्याला कशाला बोलावलेस?' या वाक्याला प्रयोजन सांगून उत्तर देणारा माणूस भोळा समजला जातो. हे सारे छटाभेद प्रसंगाने वरून चढवलेले नाहीत, ते अव्ययांत आणि पदक्रमात ठाण मांडून बसलेले आहेत. शालेय व्याकरण या बाबतीत सिद्धान्तापेक्षा प्रामाणिक म्हणावे लागेल. 'अर्थ न बदलता विधानार्थी वाक्य करा' असा प्रश्न परीक्षेत येतो, आणि 'आईची माया कोणाला नको असते?' याचे 'आईची माया सर्वांना हवी असते' असे रूपांतर करून मुले गुण मिळवतात. प्रश्न विधान करू शकतो हे शाळेच्या पातळीवर सर्वमान्य आहे. ते अमान्य होते ते जबाबदारीचा विषय निघाल्यावर.

तथापि अशा उघड आलंकारिक प्रश्नांपेक्षा अधिक चिंतेचा विषय आहे तो पूर्वगृहीतांचा. आलंकारिक प्रश्न निदान ओळखू तरी येतो आणि त्याला 'हा आरोप आहे' असे प्रत्युत्तर देता येते. पूर्वगृहीत मात्र प्रश्नाच्या पायाखाली असते. 'पैसे कुठे ठेवलेस?' याला 'कपाटात', 'बँकेत', 'सांगणार नाही' यांपैकी कोणतेही उत्तर द्या, पैसे घेतल्याची कबुली प्रत्येकातून निघते. विधानातील मजकूर नाकारता येतो तसा हा नाकारता येत नाही. त्यासाठी प्रश्नाच्या बाहेर पडून, संभाषण थांबवून, 'मुळात मी पैसे घेतलेच नाहीत' असे निराळे विधान करावे लागते. विधान करणारा पुराव्याचे ओझे स्वतःच्या खांद्यावर घेतो. पूर्वगृहीतासह प्रश्न विचारणारा तेच ओझे न बोलता दुसऱ्याच्या खांद्यावर ठेवतो.

हे केवळ तर्कातले भय नाही. एलिझाबेथ लॉफ्टस आणि गाइडो झॅनी यांनी 1975 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लोकांना मोटार-अपघाताचा चित्रपट दाखवून काहींना 'एखादा फुटलेला दिवा' पाहिला का असे विचारले, तर काहींना 'तो फुटलेला दिवा' पाहिला का असे. इंग्रजीत हा फरक एका उपपदाचा आहे. दुसऱ्या गटातील लोकांनी न दाखवलेल्या वस्तूही पाहिल्याचे अधिक प्रमाणात सांगितले. प्रश्नाने माहिती मागितली नव्हती, दिली होती. आणि ती अशा रीतीने दिली होती की घेणाऱ्याला ती स्वतःची आठवण वाटावी.

भाषाशास्त्रज्ञांच्या कितीतरी आधी ही गोष्ट कायद्याला ठाऊक होती. जेम्स फिट्‌झजेम्स स्टीफन यांनी रचलेल्या 1872 च्या भारतीय पुरावा अधिनियमात, विचारणाऱ्याला हवे असलेले वा अपेक्षित असलेले उत्तर सुचवणारा प्रश्न तो सूचक प्रश्न, अशी व्याख्या कलम 141 मध्ये होती. सरतपासणीत असा प्रश्न हरकत घेतल्यास न्यायालयाच्या परवानगीवाचून विचारता येत नसे. उलटतपासणीत मात्र चालत असे. पण या विवेचनाच्या दृष्टीने खरे महत्त्व कलम 149 चे आहे. साक्षीदाराच्या चारित्र्यावर घाला घालणारा प्रश्न विचारायचा तर त्यातील आरोप सुस्थापित आहे असे मानायला वाजवी आधार हवा, असे ते कलम सांगत होते. त्याखालची उदाहरणे वाचण्यासारखी आहेत. साक्षीदार डाकू आहे असे वकिलाला त्याच्या सहकाऱ्याने कळवले असेल तर 'तू डाकू आहेस का?' असे विचारण्याला आधार आहे. ज्याच्याविषयी कोणालाच काही ठाऊक नाही अशा साक्षीदाराला तोच प्रश्न सहज म्हणून विचारला तर आधार नाही. शब्द तेच, व्याकरण तेच, उत्तरांचा संच तोच. तरी एक प्रश्न रास्त आणि दुसरा गैर. विधान करणाऱ्याकडे मागितला जातो तसा आधार कायद्याने प्रश्नकर्त्याकडे मागितला. 'फक्त विचारले' हा बचाव 1872 सालीच निकालात निघाला होता.

मात्र कायद्याने ओळखलेले तत्त्व कायद्यानेच किती काळ अर्धवट राबवले, हेही नोंदवले पाहिजे. उलटतपासणीत सूचक प्रश्नांना मोकळीक देण्यामागचा तर्क असा की साक्षीदार विरुद्ध बाजूचा असल्याने तो सूचनेला बळी पडणार नाही. बलात्काराच्या खटल्यात साक्ष देणाऱ्या स्त्रीच्या बाबतीत हा तर्क क्रूर ठरत असे. तिच्या चारित्र्याविषयीचे प्रश्न तिच्याकडून काही काढून घेण्यासाठी विचारलेच जात नसत. तिने ठामपणे 'नाही' म्हटले तरी प्रश्न भरल्या न्यायालयात उच्चारला गेलेला असे आणि त्याचे काम तेवढ्यानेच झालेले असे. तिच्या 'सर्वसाधारण अनैतिक चारित्र्या'विषयी उलटतपासणीत विचारण्याला मनाई करणारी दुरुस्ती व्हायला 2003 साल उजाडले. 2013 मध्ये ती मनाई अधिक व्यापक झाली. 1 जुलै 2024 पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाने या तरतुदी बव्हंशी तशाच ठेवल्या आहेत. काही प्रश्नांच्या बाबतीत उत्तर नोंदवू नये एवढे पुरेसे नसते, प्रश्नच विचारला जाता कामा नये, हे मान्य करायला सव्वाशेहून अधिक वर्षे लागली.

प्रश्न नाकारण्याचा विचार बौद्ध परंपरेने फार पूर्वी केला होता. अंगुत्तर निकायात प्रश्नांचे चार प्रकार सांगितले आहेत : ज्याला सरळ उत्तर द्यावे असा, ज्याची फोड करून उत्तर द्यावे असा, ज्याला प्रतिप्रश्न करावा असा, आणि जो बाजूला ठेवावा असा. चौथा प्रकार अज्ञानामुळे टाळलेल्या प्रश्नांचा नव्हे. वच्छगोत्ताशी झालेल्या संवादात तथागताचे मरणोत्तर काय होते हा प्रश्न निघतो, तेव्हा बुद्ध विझलेल्या अग्नीचा दाखला देतात : तो कोणत्या दिशेला गेला असे कोणी विचारले तर? पूर्व, पश्चिम, दक्षिण, उत्तर यांपैकी कोणतेही उत्तर चूक, कारण 'गेला' हेच चूक. प्रश्नाच्या पूर्वगृहीतावर बोट ठेवण्याचे याहून स्वच्छ उदाहरण सापडणे कठीण. पण हे नाकारणे कोणाला परवडते? संघाच्या शास्त्याला परवडते. पिंजऱ्यात उभ्या असलेल्या साक्षीदाराला 'हो की नाही, तेवढेच सांगा' असे दटावले जाते, आणि पोलीस ठाण्यात वा मुलाखतीच्या टेबलासमोर बसलेल्याला 'तुमचा प्रश्नच चुकीचा आहे' असे म्हणण्याची सोय नसते. प्रश्न बाजूला ठेवण्याचा अधिकार हा तर्काने मिळतो आणि स्थानाने वापरता येतो.

येथे एक गंभीर आक्षेप येतो आणि त्याला बगल देणे योग्य होणार नाही. प्रश्नकर्त्याला पूर्वगृहीतांसाठी जबाबदार धरायचे ठरवले, तर सर्वांत आधी गप्प बसतील ते दुबळे. सत्तेला प्रश्न विचारणाऱ्याकडे पुरावा कुठून असणार? पुरावा सत्तेच्याच कपाटात असतो. म्हणून तर प्रश्न. 'आधार आणा, मग विचारा' हे तत्त्व शाळेतल्या मुलापासून गावातल्या शेतमजुरापर्यंत सर्वांचे तोंड बंद करायला पुरेसे आहे. या आक्षेपाची ताकद आपल्याकडच्या दुसऱ्या एका कायद्याने मान्य केली आहे. 2005 च्या माहिती अधिकार अधिनियमाच्या कलम 6 मध्ये माहिती मागणाऱ्याने कारण देण्याची आवश्यकता नाही, असे स्पष्ट म्हटले आहे. एक कायदा विचारणाऱ्याकडे आधार मागतो, दुसरा त्याच्याकडे कारणही मागू देत नाही. वरवर हा विरोध आहे. पण दोन्हींकडे पाहिले तर असे दिसते की जबाबदारी प्रश्नाच्या रूपाला चिकटलेली नाही. ती प्रश्न ज्या दिशेने वाहतो त्या दिशेशी बांधलेली आहे. वकिलाच्या प्रश्नापुढे साक्षीदाराला प्रश्न नाकारता येत नाही, म्हणून वकिलाने आधार दाखवायचा. नागरिकाच्या प्रश्नापुढे शासन समर्थ आहे, म्हणून नागरिकाने काही दाखवायचे नाही. ज्याला प्रश्न नाकारणे जितके अवघड, त्याला विचारणाऱ्याचे ओझे तितके जड. विधानाच्या बाबतीत असे म्हणता येत नाही. खोटे विधान गरिबाने केले काय, श्रीमंताने केले काय, खोटेच. प्रश्नाची नीती विधानाच्या नीतीहून वेगळी आहे ती येथे.

या कसोटीवर महाभारतातला सर्वांत प्रसिद्ध प्रश्न पुन्हा पाहता येतो. द्यूतसभेत बोलावणे आल्यावर द्रौपदी येत नाही, प्रश्न पाठवते. आधी कोणाला हरलात, स्वतःला की मला? युधिष्ठिर उत्तर देत नाही. भीष्म धर्माच्या सूक्ष्मतेचा आश्रय घेतात : जो स्वतःचाच मालक नाही त्याला दुसऱ्याचे धन पणाला लावता येत नाही हे खरे, पण पत्नी पतीच्या आधीन असते हेही दिसते. विकर्ण तिच्या बाजूने बोलतो. विदुर सभेला बजावतो की उत्तर ठाऊक असून न देणारा सभासद असत्याच्या पापाचा वाटेकरी होतो; उत्तरदायित्व या शब्दाचा मूळ अर्थ सभेला कोणी ऐकवला असेल तर त्याने.

'युगान्त'मध्ये इरावती कर्वे यांनी हा प्रश्न विचारणे ही द्रौपदीची मोठी चूक मानली. उत्तर कसेही आले तरी तिची हानीच होती, आणि त्या भीषण क्षणी पंडितेसारखा कायद्याचा कीस काढण्याऐवजी तिने क्षात्रधर्माच्या नावाने दाद मागायला हवी होती, असे त्यांचे प्रतिपादन. आक्षेप पूर्वगृहीताच्या भाषेत मांडला तर त्याची धार अधिक कळते. 'आधी कोणाला?' असे विचारणे म्हणजे क्रम उलटा असता तर पण वैध ठरला असता, हे मान्य करणे. स्त्री पणाला लावता येते हे पूर्वगृहीत प्रश्नाच्या पायाखाली तसेच राहते.

आक्षेप वजनदार आहे, पण निर्णायक नाही. न्यायसूत्रांनी सांगितलेल्या चार सिद्धान्तांत 'अभ्युपगमसिद्धान्त' नावाचा एक आहे : एखादी गोष्ट न तपासता तूर्त मान्य करून पुढच्या गोष्टीची परीक्षा करायची. प्रतिपक्षाची भूमी क्षणभर स्वीकारून त्याच भूमीवर त्याला अडवणारा माणूस त्या भूमीचा मालक होत नाही. द्रौपदीने सभेचेच नियम उचलले आणि त्या नियमांनीही तुमचे कृत्य उभे राहत नाही एवढे दाखवले; सभेला नियमांबाहेरचे काही ऐकू येत नव्हते. दाद मागितली असती तर ती दया म्हणून नाकारता आली असती. प्रश्न तसा नाकारता येईना, आणि सभा गप्प झाली.

एक तपशील मात्र टीकाकारांच्या नजरेतून बहुधा निसटतो. द्रौपदीने प्रतिकामीकडे दिलेला प्रश्न केवळ क्रमाचा होता. सभेत उभे राहून तो सांगताना त्या सूताने त्याच्या आधी आणखी एक प्रश्न घातला : कोणाचा स्वामी म्हणून तू आम्हांला हरलास, असे द्रौपदी विचारते आहे. क्रमाच्या प्रश्नाखाली दबलेले स्वामित्वाचे पूर्वगृहीत वर आणले ते एका सेवकाने, आणि तेही दुसऱ्याच्या नावावर. यावर युधिष्ठिर निश्चेष्ट असल्यासारखा बसून राहिला. दुर्योधन मात्र बोलला. उत्तर देण्याची त्याला गरज नव्हती. तो एवढेच म्हणाला की पांचालीने येथे येऊन हा प्रश्न स्वतः विचारावा, सर्वांना ऐकू द्या.